सहाचाकी उभयचर गाडी दुरुस्त करताय? आधी एक्सल सोडवा, रंगाचं नंतर बघू

गाडी अजून पिकअपमधून खाली उतरलेली नसते आणि माणूस मला विचारतो, कलर कुठला मारू? मिलिटरी ग्रीन का पिवळा? अरे बाबा, थांब जरा. आत्तापर्यंत माझ्या हाताखालून अशा चार गाड्या गेल्या, धायरीच्या शेडमध्ये पाचवी उघडून पडलीये, आणि एकही गाडी रंगामुळे बुडाली नाही. बुडतात त्या एक्सल बॉडीतून बाहेर येतात त्या भोकांमुळे.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाथटबसारखी प्लास्टिकची बॉडी, आत लोखंडी फ्रेम, दोन्ही बाजूंना तीन-तीन गुबगुबीत चाकं. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. डावा ओढला की डावीकडच्या चाकांना ब्रेक लागतो, उजवीकडची फिरत राहतात आणि गाडी रणगाड्यासारखी वळते. पाण्यात ना पंखा ना वल्हं, टायरच्या जाड खाचाच पाणी मागे ढकलतात, म्हणून वेग आपला रमतगमत चालण्याइतका. कॅनडात १९६१ साली पहिली आली तिचं नाव आपल्या लिपीत लिहिलं तर चक्क ‘जिगर’ होतं, नाव अगदी बरोबर आहे. १९६७ पासून तिथलीच आर्गो आली, ती कंपनी अजून चालू आहे. आपल्याकडे अशी गाडी सापडली तर कुठल्या तरी फार्महाउसवर सापडते, कोणी तरी हौसेने आणलेली आणि मग विसरलेली. माझी पहिली मुळशीच्या बाजूला जांभळाच्या झाडाखाली सापडली, टबात गुडघाभर पाणी आणि त्यात बेडकाची पिल्लं.

गंज इथेच होतो बरं का. लोकांना वाटतं गाडी पाण्यात जाते म्हणून बाहेरून गंजते, पण बाहेर तर प्लास्टिक आहे! पाऊस टबात साठतो, ड्रेन प्लग बंद, आणि फ्रेम चार-चार महिने पाण्यात उभी.

इंजिन, सीट, चेन सगळं बाहेर काढा. फ्रेम हातोडीने हळूहळू वाजवत जा, टणटण आवाज आला तर चांगलं लोखंड, थपथप आला तर कापून नवीन तुकडा वेल्ड करायचा, तिथे भरणं-बिरणं करू नका. वेल्डिंग फ्रेम टबाबाहेर काढूनच, हे सांगायला लागू नये. लहान पार्टचा गंज काढायला प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह गंजलेल्या पार्टला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडी पट्टीला. उलटं जोडलंत तर तुमचाच पार्ट खाल्ला जाईल. पट्टी स्टीलची म्हणजे स्टेनलेसची नको, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. ॲल्युमिनियमचा पार्ट ड्रममध्ये टाकू नका, तो सोड्यात विरघळतो. हायड्रोजन निघतो, म्हणून हे सगळं उघड्यावर, आणि आसपास बिडी-सिगरेट नाही.

आणि ते ‘रेड ऑक्साइडचा एक हात मारून द्या साहेब, काही होत नाही’ प्रकरण. होतं. रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक आहे, पाण्यात उभ्या राहणाऱ्या लोखंडाला एकटं पुरत नाही. गंज काढून झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर दोन हात, वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. पोकळ पाइपच्या आत मेणाचा स्प्रे.

टबाला तडा असेल तर एम-सील आणायला धावू नका, आधी प्लास्टिक कुठलं ते बघा. कडेचा एक छोटा तुकडा खरवडून पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिथिन, बुडाला तर बहुतेक एबीएस. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटतच नाही, महिन्याभरात खपली निघावी तसं निघतं. त्याला त्याच प्लास्टिकची काडी गरम हवेने वितळवून जोडावी लागते, आणि पाण्याच्या टाक्या जोडणारे लोक हे काम उत्तम करतात, आपल्या सोसायटीची टाकी कोणी जोडली ते विचारा. एबीएसचं सोपं, त्याचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लेप करायचा.

आता खरं काम. सहा चाकं म्हणजे सहा वेगळे एक्सल, प्रत्येकाला दोन बेअरिंगं, बाहेरचं बरोबर टबाच्या भोकात. म्हणजे बारा बेअरिंगं, आणि वीस वर्षं पडलेल्या गाडीत त्यातली निम्मी एक्सलला अशी चिकटलेली की एकच वस्तू वाटावी. पहिल्या गाडीत मी इथे पावणेदोन महिने घालवले. त्यातले दोन दिवस तर निव्वळ उलट्या दिशेने हातोडा मारण्यात गेले, ते कसं ते ऐका.

जुन्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या शेजारी एक जाड कडं असतं. त्याच्या आतली खाच मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते, कडं थोडं फिरवलं की ते एक्सलवर आवळून बसतं, वरून एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू. मी स्क्रू काढला आणि पुलर लावून ओढायला लागलो. ढिम्म हलेना. मग पंच लावून कडं फिरवायला गेलो, आणि मी ते सोडवत नव्हतो, आवळत होतो! कडं एक्सल फिरतो त्या दिशेने आवळतं, आणि डावीकडची नि उजवीकडची चाकं आपापल्या बाजूला उभं राहून बघितली तर उलट दिशेने फिरतात, त्यामुळे उजवीकडे जमलेला हिशोब डावीकडे उलटा पडतो. म्हणून डोकं लावू नका, खडू घ्या. गाडी पुढे जाताना एक्सल ज्या दिशेने फिरेल तो बाण एक्सलवर काढा आणि कड्यावर बाणाच्या उलट मारा. कड्याला पंच टेकवायला एक भोक असतं, त्यातच मारायचं, दुसरीकडे नाही. दहा-बारा फटक्यांत हललं नाही तर एकदा दुसऱ्या दिशेने बघा, कारण आधीच्या एखाद्या मेकॅनिकने उलटं बसवलेलं असू शकतं.

मारायच्या आधी निदान तीन दिवस रोज तेल. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल अर्धं-अर्धं, दुकानातल्या स्प्रेपेक्षा मला हे जास्त मानवतं. डिझेल टाकून रात्रभर ठेवा म्हणणारे लोक आहेत, ठेवा, सकाळी डिझेलचा वास तेवढा मिळेल.

आणि गॅस लावू नका. परत सांगतो, टबात गॅसची ज्योत लावू नका. ‘थोडं तापवलं की सुटतंय’ हे लोखंडी मशीनला खरं आहे, इथे भोवती प्लास्टिक आहे आणि टबाच्या तळाशी पेट्रोलची वाफ बसलेली असते. मी लावला होता. एक्सल सुटला नाही, शेजारी पुरीएवढं भोक पडलं, आणि ते बुजवायला जे पैसे गेले त्यात सहा नवीन बेअरिंगं आली असती.

कडं सुटूनही बेअरिंग निघत नसेल तर ते वाचवायचा मोह सोडा. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या फ्लँजचे बोल्ट ग्राइंडरने उडवा, एक्सल बेअरिंगसकट बाहेर ओढा, मग टेबलावर बाहेरची रिंग कापून गोळ्या काढा. आतल्या रिंगला हॅक्सॉ लागत नाही, हार्ड असते. पातळ चकतीने एक्सलच्या लांबीच्या दिशेने चीर पाडा, एक्सलला चकती लागायच्या किंचित आधी थांबा, आणि चिरेत छिन्नी ठेवून एकच फटका. ‘टक’ असा आवाज येतो आणि रिंग फुटते. त्या आवाजासाठी मी हे सगळं करतो असं बायको म्हणते. चष्मा घाला, तुकडा उडतो.

नवीन बेअरिंग घेताना दुसरा घोळ. माझ्या गाडीचा एक्सल एक इंचाचा, म्हणजे २५.४ एमएम. नाना पेठेत गेलो, काउंटरवरच्या काकांनी २०५ नंबरचं हातात दिलं, म्हणाले, “साहेब, पंचवीसच आहे हो, बसतंय.” बसत नाही, ०.४ एमएमने अडतं. मग टर्नर म्हणाला, टेन्शन कशाला घेता, एक्सलच उतरवून देतो पंचवीसला, आणि मी मूर्खासारखा हो म्हणालो. बेअरिंग झकास बसलं, पण ऑइल सील, म्हणजे पाणी अडवणारी रबराची रिंग, एक इंचाचं होतं, त्याचा ओठ एक्सलवर नीट टेकेना आणि पहिल्याच फेरीत त्या चाकातून पाणी. नंबर २०५-१६ असा मागायचा, पुढचं १६ म्हणजे एक इंच. आधी एक्सलला व्हर्नियर लावून माप घ्या, मग दुकानात जा.

सील जिथे घासतं तिथे एक्सलवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासून घासून तो बारीक करू नका. पातळ स्लीव्ह चढवून घ्या, किंवा वेल्डने भरून लेथवर परत मापात आणा. आणि सील दोन बसवा, एक नाही. बाहेरच्याचा स्प्रिंगवाला ओठ बाहेर, पाण्याकडे, आतल्याचा आत, मधे पाण्यात टिकणारं ग्रीस. ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, नसेल तर लावून घ्या. ओठाची दिशा उलटी पडली तर सील पाणी अडवत नाही, आत घेतं.

एवढं झालं की चेन बसवायच्या आधी टबाची परीक्षा, पण उलटी. गाडी तलावात नाही न्यायची, तलाव गाडीत आणायचा. ड्रेन प्लग लावा, टबाच्या तळाला फळ्यांचा आधार द्या आणि आत एक्सलच्या वर चार बोटं येईपर्यंत पाणी भरा. आधार विसरू नका, तेवढं पाणी दोन-अडीचशे किलोच्या घरात जातं. मग बाहेरून प्रत्येक एक्सल हाताने फिरवत कोरड्या कापडाने पुसत जा, जिथे ओल दिसेल तिथे खडूने चाकाचा नंबर लिहा.

चेनचं थोडक्यात. अर्धा इंच पिचची, म्हणजे दोन पिनांत अर्धा इंच अंतर असलेली, असेल तर २४ कड्या ताणून मोजा, नवीन असते ३०४.८ एमएम, ३११ झाली की टाकून द्या, आणि स्प्रॉकेटही बदला. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर जुनी राजदूत, येझदी उघडणारा कुठलाही म्हातारा मेकॅनिक करून देईल. टायरला हवा दोन-तीन पीएसआय, पंपवाल्याला सांगितलं तर तो हसेल, त्याच्या मशीनवर भरू नका, टायर फाटेल. सायकलचा पंप बरा.

पाण्यात पहिल्यांदा नेताना खडकवासल्याकडे बघू नका, ते पुण्याचं प्यायचं पाणी आहे. ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं म्हणाल तर त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल, टायरने फाटला तर मैत्री गेली. मातीचा उतार असलेलं साधं खासगी तळं शोधा, मालकाला विचारा, लाइफ जॅकेट घाला, आणि गाडीला मागे दोर बांधून काठावर दोन माणसं उभी करा. दहा मिनिटं, जास्त नाही. बाहेर आलात की गाडी जॅकवर घेऊन चाकं फिरवत सहाही निपलमध्ये ग्रीस मारा, बाहेरच्या ओठातून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत, नंतर ड्रेन प्लग काढा आणि खाली तांब्या धरा. माझ्या पहिल्या गाडीतून दीड बादली निघालं होतं, चौथीतून अर्धा तांब्या. तांब्याभर चालतं. त्याहून जास्त निघालं तर टबात परत पाणी भरा आणि खडू घेऊन बसा.