रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने एलईडी पट्टीवर इफेक्ट कसे करायचे

आधी एक गोष्ट ठरवून टाका, रंग ठरवणारा कोड आणि पट्टीला सिग्नल देणारी पिन हलवणारा कोड एकाच लूपमध्ये कोंबायचा नाही. मी तेच केलेलं आणि दुसरा इफेक्ट घालायची वेळ आली तेव्हा सगळं परत लिहावं लागलं.

सामान म्हणजे रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि डब्ल्यूएस२८१२बी ची पट्टी (हिचा प्रत्येक एलईडी वेगळा रंगवता येतो), ६० एलईडींची धरू. प्रत्येक एलईडीला २४ बिट, एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा, म्हणजे अख्खी पट्टी १.८ मिलिसेकंदात भरते. हे टायमिंग प्रोसेसरकडून करून घेत बसू नका, पिकोत पीआयओ (प्रोसेसरला न गुंतवता पिन हलवणारं हार्डवेअर) त्यासाठीच आहे आणि ‘डब्ल्यूएस२८१२-पीआयओ’ क्रेट (रस्टची तयार लायब्ररी) ते सांभाळतं. रंगांना ‘स्मार्ट-एलईडीज’ क्रेट.

आता इफेक्ट. एक फंक्शन लिहा, त्याला एलईडीचा नंबर आणि फ्रेमचा नंबर द्यायचा, त्याने रंग परत द्यायचा, बस एवढंच. इंद्रधनुष्य हवं असेल तर एलईडीचा नंबर गुणिले २५६ भागिले ६०, त्यात फ्रेमचा नंबर मिळवला की ह्यू (रंगछटेचा आकडा) मिळाला, मग एचएसव्हीचं (ह्यू, रंगाचा गडदपणा, उजेड) आरजीबी (लाल, हिरवा, निळा) करा. गुणाकार यू३२ (३२ बिटांचा आकडा) मध्ये करा हं, यू८ (८ बिटांचा, ० ते २५५) मध्ये मावणार नाही. आणि ह्यू यू८ असतो, २५५ नंतर परत ० यायला हवा, पण नुसतं अधिक चिन्ह टाकलं की डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या बिल्डमध्ये) पॅनिक, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो. माझी पट्टी पाच फ्रेम चालून सहाव्याला थिजायची (शेवटच्या एलईडीचे २५१ अधिक फ्रेमचे ५, फ्रेम ० पासून मोजतो!) आणि रिलीज बिल्डमध्ये मस्त फिरायची, त्यामुळे मी उगाच वायरी तपासत बसलो. तिथे २५५ नंतर परत ० वर नेणारं रॅपिंग-अ‍ॅड वापरा. फंक्शन वेगळ्या क्रेटमध्ये असेल तर लॅपटॉपवर कार्गो टेस्ट (रस्टची चाचण्या चालवणारी कमांड) मारली की हे बोर्ड न जोडताच सापडतं, म्हणून तर वेगळं ठेवायचं.

हळूहळू उजळणारा इफेक्ट करताना गॅमा (उजेड डोळ्यांना सारखा वाढताना दिसावा म्हणून आकड्यांत केलेली दुरुस्ती) लावायला विसरू नका, नाहीतर सुरुवातीला झपकन उजळतं आणि पुढे काही बदलतंय असं वाटतच नाही. साइन (लाटेसारखं वरखाली करणारं गणिती फंक्शन) लागली तर तिच्या किमतींचं टेबल बनवून ठेवा, पिकोच्या आरपी२०४० चिपमध्ये फ्लोटचं (दशांश आकड्यांच्या गणिताचं) हार्डवेअर नाहीये.

पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, साठांचे ३.६ अँपिअर, तेव्हा ५ व्होल्टची सप्लाय वेगळी घ्या आणि ग्राउंड पिकोशी जोडा. पहिलाच एलईडी वेडेवाकडे रंग दाखवत असेल तर डेटा लाइन बघा, पिको ३.३ व्होल्ट देतो, पट्टीला साधारण ३.५ लागतात, मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचा व्होल्टेज वाढवणारा भाग) टाका.