घरगुती मसाल्याच्या धंद्याचं नाव आणि नोंदणी, कुठून सुरू करायचं

घरी मसाले करून विकताय, ऑर्डरी वाढल्यात आणि आता रीतसर धंदा करायचाय, तर आधी नावाचं बघा, पाऊच आणि स्टिकर छापायची घाई अजिबात नको.

'शुद्ध मसाले', 'घरगुती चव' असली नावं कुणीही लावू शकतं, त्यामुळे त्यांचा ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क, मिळणं फार अवघड. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव तर १९५० च्या कायद्यानुसार धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरताच येत नाही. आजीचं नाव, गावातल्या ओढ्याचं नाव, असं काहीतरी आपलं शोधा. मग ट्रेडमार्कच्या सरकारी साईटवर पब्लिक सर्चमध्ये क्लास ३० टाकून बघा, मसाले त्यातच येतात, आणि स्पेलिंग बदलून बदलून बघा, एक ए जास्त, डब्ल्यूच्या जागी व्ही, कारण उच्चार सारखा असला तरी समोरचा हरकत घेऊ शकतो. नाव मोकळं दिसलं की अर्ज टाका, एकट्या माणसाला ऑनलाइन फी ४५०० रुपये आहे. मला विचाराल तर हा खर्च टाळू नका, नाव चालायला लागल्यावर बदलणं फार महागात पडतं.

आता कागदपत्रं. एकट्याचा धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप, त्याला वेगळी कंपनी काढावी लागत नाही, पॅन तुमचंच चालतं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे!! सर्च केलं की वरती सरकारीसारख्या दिसणाऱ्या खाजगी साईट येतात आणि पैसे मागतात, तिथे भरू नका, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा. फॉर्ममध्ये एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी आकडा, विचारतात, मसाले दळण्याचा १०७९५.

खाण्याचा माल आहे म्हणजे एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी, हवीच, घरून विकत असाल तरी. छोट्या धंद्याला बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, वर्षाला १०० रुपये, आणि १४ आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा, म्हणून तर म्हटलं पाऊच नंतर.

जीएसटी लगेच लागत नाही, माल महाराष्ट्रातच विकताय आणि उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आहे तोवर. दुसऱ्या राज्यात पाठवायला लागलात की घ्यावा लागतो.

दुकान टाकलं तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद, बघा, माणसं मोजकीच असतील तर ऑनलाइन नुसतं कळवायचं, त्याची पावती मिळते. ती आणि उद्यमचं सर्टिफिकेट घेऊन बँकेत गेलात की धंद्याच्या नावाने करंट खातं उघडता येतं. आणि पाटी मराठीतच हवी, दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत, पेंटरला हे आधीच सांगून ठेवा.