निकेल-झिर्कोनिया ॲनोड बनवताना या चुका टाळा

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणारा सिरॅमिक सेल. त्याचा ॲनोड, म्हणजे इंधनाच्या बाजूचा इलेक्ट्रोड, बहुतेक वेळा निकेल आणि यट्रियायुक्त झिर्कोनिया यांचा सरमेट (धातू आणि सिरॅमिकचं मिश्रण) असतो. निकेल ऑक्साइड आणि झिर्कोनियाची हिरवी पेलेट (भुकटी दाबून केलेली वडी) भट्टीतून सुबक निघते, ऑक्साइडचं निकेल करायला हायड्रोजनही देऊन होतो, पण मल्टिमीटर वहन दाखवत नाही. लगेच भट्टीवर खापर फोडू नका. आधी पेलेट मोडून पाहा. गाभा अजून हिरवा असेल तर रिडक्शन, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढणं, अर्धवट आहे. ८०० अंशांवर आणखी काही तास द्या. आतपर्यंत राखाडी असेल तर मिश्रणाचाच हिशेब चुकला आहे.

ही चूक सर्रास होते, कारण आपण भुकटी वजनाने मोजतो आणि वहन मात्र आकारमानावर ठरतं. निकेलचे कण एकमेकांना भिडून सलग वाट तयार व्हायला घन भागाच्या आकारमानात साधारण ३० टक्के निकेल लागतं. वजनाने ६० टक्के निकेल ऑक्साइड घेतलं, तर ऑक्सिजन निघून गेल्यावर निकेलचा वाटा सुमारे ४४ टक्के राहतो. ४० टक्के घेतलं तर तो २६वर येतो आणि वाट तुटते. ऑक्साइडचं निकेल होताना आकारमान ४१ टक्क्यांनी घटतं, हे गणितात धरायलाच हवं. पण म्हणून निकेल भरमसाट वाढवणंही बरोबर नाही: ते तापल्यावर झिर्कोनियापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि इलेक्ट्रोलाइटवर (ॲनोडवरच्या, आयन वाहून नेणाऱ्या थरावर) ताण येतो.

जळून जाऊन छिद्रं पाडण्यासाठी घातलेल्या स्टार्चचंही तसंच. शंभर ग्रॅम भुकटीत १० ग्रॅम स्टार्च किरकोळ वाटतं, पण घन पदार्थांच्या आकारमानातली सुमारे ३० टक्के जागा तेच व्यापतं. त्यात ६०:४० मिश्रणाच्या घट्ट पेलेटमध्ये नुसत्या रिडक्शनने जवळपास २४ टक्के छिद्रं पडतात. एकूण ३० ते ४० टक्के सच्छिद्रता हवी असेल तर स्टार्च बेतानेच घाला. ते जळून जाईपर्यंत, म्हणजे ६०० अंशांपर्यंत, तापमान मिनिटाला एका अंशाने चढवा. घाई केली की फोड येतात. सिंटरिंगला, म्हणजे कण भाजून एकमेकांना घट्ट जोडायला, १३५० ते १४०० अंश पुरेत.

निकेल ऑक्साइडची धूळ कर्करोगकारक आहे. मास्क आणि हातमोज्यांशिवाय डबा उघडू नका.

सगळ्यात हळहळ वाटते ती चाचणीनंतर फुटलेल्या सेलची. भट्टी बंद केली की हायड्रोजनही बंद करण्याचा मोह होतो. गरम निकेलला हवा लागली की त्याचं पुन्हा ऑक्साइड होतं, आकारमान जवळपास ७० टक्क्यांनी फुगतं आणि वरचा पातळ इलेक्ट्रोलाइट तडकतो. तापमान २०० अंशांखाली येईपर्यंत रिडक्शनचा वायू चालू ठेवा. त्यासाठी नायट्रोजनमधला ४ टक्के हायड्रोजन चालतो आणि तो सुरक्षितही असतो.

८०० अंशांवर, ३ टक्के बाष्प असलेल्या हायड्रोजनमध्ये खुल्या परिपथाचा (भार न जोडलेल्या सेलचा) व्होल्टेज १.१ व्होल्टच्या आसपास यायला हवा. तो ०.९वर अडकला तर ॲनोडची कृती बदलत बसू नका. आधी सील आणि इलेक्ट्रोलाइटमधले तडे तपासा.