मातीची भिंत घालताय? आधी बरणी काढा

पेंढा घातलेल्या मातीच्या भिंतीचा विषय निघाला की सगळे पहिल्यांदा पेंढा किती ते विचारतात, पण खरा खेळ मातीचा आहे. वरची माती नको, त्यात मुळं पालापाचोळा असतो, फूट-दीड फूट खालची घ्या. काचेच्या बरणीत अर्धी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवा आणि 1 दिवस तसंच ठेवा. रेती मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, मग गाळ, चिकणमाती सगळ्यात शेवटी वर. चिकण पाचव्या हिश्शाच्या आसपास आणि बाकी बहुतेक रेती, असं दिसलं की माती चालेल. देशावरच्या काळ्या मातीपासून मात्र जपून, ती पाण्यात फुगते नि उन्हात भेगाळते, एकटी वापरूच नका.

तरी 2-3 प्रमाणांच्या विटा पाडून सावलीत सुकवा. भेगा पडल्या तर रेती वाढवा, हाताने भुगा झाला तर चिकणमाती.

आता ताडपत्रीवर चिखल करून पायाने तुडवायचा आणि वीत-दीड वीत लांबीचा पेंढा थोडा थोडा पसरत जायचं (सगळा एकदम टाकलात तर गुंता होतो, मग बसा सोडवत). माती सुकताना आकसते तेव्हा हाच पेंढा भेग पुढे जाऊ देत नाही. भातकापणीनंतरचा कोरडा घ्या, बुरशीचा नको, काथ्या असेल तर तोही चालतो. तुडवलेल्या चिखलाचा एक गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाका, फुटला तर कोरडा, पसरला तर पाणी जास्त, थोडा चपटा होऊन एकसंध राहिला की झालं.

खाली दगडाचं जोतं दीड फूट तरी हवंच. त्यावर दीड फूट जाडीची भिंत, एका वेळी फूटभरच चढवायची, तो थर टणकला की त्याच्या डोक्यावर खाचा पाडून पाणी शिंपडून पुढचा. माझ्या पहिल्या भिंतीला घाईत पोट सुटलं, अर्धी तासून काढावी लागली!

गिलावा माती-शेणाचा किंवा चुन्याचा. सिमेंटचा अजिबात नको, आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि आतून माती सुटते. छप्पर दोनेक फूट बाहेर काढा, कोकणात असाल तर पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे झापही बांधा, आणि काम दिवाळीनंतर लगेच काढा म्हणजे पावसाआधी भिंत पूर्ण सुकते.