डी-२८ चा आवाज हवाय पण बजेट तीस-पस्तीस हजारच? मग असं शोधा

आधीच क्लिअर करून टाकतो, मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या डी-२८ या अकूस्टिक गिटारची हुबेहूब कॉपी स्वस्तात मिळत नाही, कुणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका. पण त्या जातीचा आवाज, म्हणजे जाड तारेवर पिक मारला की येणारा तो धप्प बेस, वर बारीक तारांची घंटेसारखी किणकिण आणि कॉर्ड सोडल्यावरही बराच वेळ रेंगाळणारी गुंज, हे बऱ्यापैकी मिळतं आणि साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतं. नवीन डी-२८ अमेरिकेतच ३ हजार डॉलरच्या वर जाते, इथे येईपर्यंत अजून फुगते.

हा आवाज येतो कुठून ते कळलं की दुकानात कुणी गंडवू शकत नाही. पहिलं म्हणजे आकार. डी म्हणजे ड्रेडनॉट, ब्रिटिश युद्धनौकेवरून ठेवलेलं नाव, रुंद खांदे, कमरेला फारशी बारीक नाही, आणि आत हवा भरपूर म्हणून बेस भरपूर. त्यामुळे पातळ बॉडीची किंवा छोटी गिटार कितीही सुंदर दिसली तरी तिच्याकडून हा आवाज मागू नका. दुसरं पाठ आणि बाजूचं लाकूड, ते रोजवूड. १९६९ पर्यंत मार्टिनवाले ब्राझिलियन रोजवूड वापरायचे, ते मिळेनासं झाल्यावर इंडियन रोजवूडवर आले, म्हणजे आपल्या सह्याद्रीत होतं तेच शिसव. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, वरची फळी म्हणजे टॉप. तो सॉलिड स्प्रूसचा, म्हणजे स्प्रूस या लाकडाच्या अख्ख्या फळीचा पाहिजे.

इथेच लोक फसतात. स्पेकमध्ये नुसतं 'स्प्रूस टॉप' किंवा 'सिलेक्ट स्प्रूस' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते लॅमिनेट असतं, वर स्प्रूसचा पातळ थर आणि खाली दुसरंच काहीतरी. 'सॉलिड' हा शब्द असेल तर कंपनी तो लपवत नाही, ठळक छापते. तरी शंका असेल तर साउंडहोलची (टॉपवरच्या गोल भोकाची) कड मोबाईलच्या टॉर्चने बघा: वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, प्लायवूडसारखे आडवे थर दिसले तर लॅमिनेट. कधीकधी कडेवर रंग किंवा प्लास्टिकची पट्टी असते, मग मात्र मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघायचं, सेल्समनच्या शब्दावर नाही.

या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर माझं सरळ उत्तर यामाहा एफजी८३०. सॉलिड स्प्रूस टॉप, रोजवूडची पाठ आणि बाजू (लॅमिनेट आहेत, चालतंय, पाठीपेक्षा टॉपचा फरक कितीतरी जास्त पडतो). यामाहा ही एफजी सिरीज १९६६ पासून काढतेय, त्यामुळे क्वालिटी एका पीसला एक आणि दुसऱ्याला दुसरी असं फारसं होत नाही. अजून स्वस्तात हवी तर एफजी८००, टॉप सॉलिडच, फक्त रोजवूड नाही म्हणून ती गुंज थोडी कमी आणि आवाज जरा सरळसोट. एफ३१० शिकायला मस्त आहे पण तिचा टॉप लॅमिनेट, तेव्हा या कामाला ती नाही. परदेशात असाल तर सिग्मा पण बघा, हा ब्रँड १९७० मध्ये खुद्द मार्टिननेच स्वस्त गिटारींसाठी काढला होता, आता मालक वेगळे आहेत पण डिझाइन त्याच वळणाचं.

आणि हो, मार्टिनच्याच एक्स सिरीजचा मोह होणार, कारण हेडस्टॉकवर (गिटारच्या डोक्यावर) नाव खरं असतं. पण त्यात पाठ आणि बाजू एचपीएलच्या, म्हणजे दाबून बनवलेलं मटेरियल आणि वर लाकडाचं चित्र. वाईट वाजत नाही, पण तुम्ही पैसे नावाचे देताय.

कुणाला डी-२८ ऐवजी गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या जे-४५ गिटारसारखा कोरडा, उबदार, गाण्याच्या मागे गपगुमान बसणारा आवाज आवडत असेल तर रोजवूड सोडा आणि महोगनी बघा, एपिफोनची जे-४५ गिब्सनच्याच घरातली आहे आणि तिच्यात तर सगळंच सॉलिड आहे. बजेट मात्र वाढवावं लागेल.

दुकानात गेल्यावर एकटे जाऊ नका. गिटारचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धाच कळतो, म्हणून मित्राला वाजवायला लावा आणि तुम्ही समोर उभे राहा. पिक तोच, कॉर्ड त्याच, ओपन जी आणि ओपन ई पुरे. एसीचा आवाज आणि शेजारी ड्रम बडवणारं पोरगं असेल तर तास-दोन तासांनी परत या.

आता खरा खेळ. थोडे पैसे सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट करून घ्यायला, ठेवाच. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) स्टीलची पट्टी उभी धरून तार किती उंच आहे ते मोजा, जाड तार अडीच मिलीमीटरच्या आसपास आणि बारीक पावणेदोनच्या आसपास असेल तर हात पण दुखत नाही आणि आवाज पण मोकळा येतो. बोटांना सोपं जावं म्हणून फार खाली नेलीत तर तारा फ्रेटवर खरखरतात आणि ज्या बेससाठी एवढा उपद्व्याप केला तोच जातो. दुकानातल्या जुन्या गंजक्या तारा काढून फॉस्फर ब्रॉन्झच्या १२ गेजच्या (जाडीचा नंबर) टाका, प्लास्टिकचं सॅडल (टॉपच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात ती बारीक पट्टी) काढून हाडाचं बसवून घ्या, दोन्हीचा खर्च किरकोळ आणि फरक लगेच ऐकू येतो.

सेकंडहँड घेताना ब्रिजच्या (टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय, भाव पाडा नाहीतर निघा. ट्रस रॉड (मानेच्या आतली, मानेचा बाक नीट करायची सळई) फिरतो का तेही विक्रेत्यासमोरच बघून घ्या.

सॉलिड टॉप हवामानाला नाजूक असतो एवढं लक्षात ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात टॉप फुगतो, तारा वर जातात, आणि लोक घाबरून ट्रस रॉड पिळत बसतात, तसं करू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं, लाकूड सुकून चीर जायची भीती. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की बरं, म्हणून केसमध्ये छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टाका, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि निदान ते चार महिने तरी गिटार भिंतीवर टांगू नका.