कामट्यांचा कंदील, कामट्यांचा तारा

दिवाळीचा आकाशकंदील व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीचं लग्न झालं की उतरतो, आणि थोड्याच दिवसांत इथे गोव्यात शेजारच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, नाताळचा तारा चढतो. दोन्हींना लागतं तेच: कामट्या, दोरा, खळ आणि कागद. एक बांधता आला की दुसरा अर्धा आलाच. बहुतेकजण मात्र रंग निवडण्यात दोन दिवस घालवतात आणि सांगाडा तासाभरात उरकतात. दिवसा ते खपून जातं. रात्री आत दिवा लागला की प्रत्येक कामटीची सावली कागदावर उठते आणि वाकडेपणा रस्त्यावरून दिसतो.

कामट्या

बांबू पोकळ आणि लांब पेरांचा हवा. माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, काठीला उत्तम, पण बारीक कामट्या काढायला हात दुखवतो. कंदिलासाठी कामटी ५ ते ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पुरे. कोयतीने उभी फाडायची, मग आतला पांढरा मऊ भाग तासून टाकायचा आणि हिरवी पाठ ठेवायची, कारण ताकद पाठीत असते. कडा काचेच्या तुकड्याने किंवा सँडपेपरने मारून घ्या. एक बारीक कूस राहिली तरी कागद नेमका तिथेच फाटतो. फाडायचा कंटाळा असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसणाऱ्यांना विचारा, तयार कामट्या मिळाल्या तर अर्धा दिवस वाचेल.

ओल्या कामट्या लगेच बांधू नका. त्या सुकताना आकसतात आणि आठवड्याने सगळ्या गाठी सैल पडतात. चार-पाच दिवस उन्हात ठेवा, रात्री घरात आणा. सांगाड्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे. अशी कामटी सरळ चुलीत घाला, कारण ती पुढच्या वर्षीपर्यंत टिकत नाही आणि शेजारच्या कामट्यांनाही लागते.

कंदिलाचा सांगाडा

जुन्या पद्धतीच्या कंदिलात सगळ्या कामट्या एकाच मापाच्या असतात, हीच त्याची गंमत. २२ सेमीच्या २४ कामट्या कापा आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांपासून १ सेमीवर खूण करा. बांधायचं खुणेवर, म्हणजे आतलं अंतर २० सेमी राहतं. बांबूची गाठ खुणेवर येणार नाही असं पाहून कापा, गाठीवर दोरा घसरतो.

आधी चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधा. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण फुटपट्टीने मोजा, दोन्ही २८ सेमीच्या आसपास आणि एकमेकांसारखे यायला हवेत. एक २७ आणि दुसरा २९ आला तर चौकोन कलला आहे, हाताने दाबून सरळ करा. हे मोजणं टाळलं तर पुढे काहीच जुळत नाही.

आता चारही चौकोन टोकावर उभे धरा, पतंग धरतात तसे, आणि बाजूची टोकं एकमेकांना बांधून कडं करा. वर चार टोकं मोकळी राहतात, खाली चार. वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडली की वर एक चौकोन होतो, खालीही तसंच. झाल्या २४. जोड एकूण बारा, आणि प्रत्येक जोडात चार कामट्या येतात. एखाद्या जोडात तीनच दिसल्या तर काहीतरी सुटलं आहे. वरची शेवटची कामटी ओढूनताणून बसवावी लागत असेल तर ती छाटू नका. चूक तिच्यात नसते, आधीच्या एखाद्या चौकोनात असते.

दोरा जाड सुती घ्या, गोधडी शिवायचा चालतो. नायलॉन घसरतो. पहिल्यांदा प्रत्येक जोड रबरबँडने धरून ठेवा, सगळा आकार नजरेत भरला की मगच दोरा बांधा आणि गाठीवर खळीचं बोट फिरवा. तयार सांगाडा उंचीला २८ सेमी आणि रुंदीला टोकापासून टोकापर्यंत ४० सेमी भरतो. वरच्या चौकोनावर दोन कामट्या फुलीसारख्या बांधा, त्या फुलीत होल्डर लटकेल.

खळ

अर्धी वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. तीन वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात पाव चमचा तुरटीची पूड टाका आणि कालवलेला मैदा धार धरून ओता. मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा, पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. पूर्ण गार झाल्याशिवाय वापरू नका, गरम खळ लागली की पतंगाच्या कागदाचा रंग पसरतो. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ते विषारी असतं आणि मुलं बोटं चाटतात, तेव्हा तुरटीवरच भागवा. फेविकॉल शेपट्यांना ठीक आहे, पण मुख्य कागदाला लावला तर कडेला वाळलेला पट्टा उजेडात दिसतो.

कागद

पतंगाचा कागद साधारण ५० बाय ७५ सेमीच्या तावात येतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा: वरून उष्णता जाते, खालून हात घालून दिवा बदलता येतो. उरले चार चौकोन आणि आठ त्रिकोण. चौकोनासाठी कागद २२ सेमीचा, म्हणजे सगळीकडून १ सेमी दुमडायला. त्रिकोणासाठी २०.५ सेमी रुंदीची पट्टी कापून तिच्यात एक सुलटा, एक उलटा असे त्रिकोण काढा, प्रत्येक बाजू २३.५ सेमी. एका पट्टीत पाच बसतात. दोन रंगांचे दोन ताव पुरतात, उरलेला कागद करंज्यांना, म्हणजे जोड झाकायच्या कागदी घड्यांना होतो. खालच्या पट्ट्यांना आणखी एक ताव लागतो.

खळ कागदाला लावू नका, कामटीला लावा. हा सगळा मामला इथेच बिघडतो. ओला कागद फुगतो, ओढताना फाटतो, आणि जोर लावून ताणला तर वाळल्यावर सुरकुततो. कामटीवर बोटाने पातळ थर द्या, कागद अलगद ठेवा, एक बाजू चिकटली की समोरची बाजू नुसती टेकवा आणि मग कडा आत दुमडा. आधी चौकोन, मागून त्रिकोण, म्हणजे त्रिकोणाची कड चौकोनाच्या कडेवर बसून जोड झाकला जातो. टोकांना कागदाचा कोपरा आधीच छाटा, नाहीतर तिथे घडी जमून काळा ठिपका दिसतो.

थोडा सैल राहिला तर घाबरायचं कारण नाही. सगळं वाळल्यावर पांढऱ्या कागदावर पाण्याचा अगदी बारीक फवारा द्या, सुकताना तो ताणला जातो. रंगीत कागदावर आधी एका तुकड्यावर पाहा, काही रंग पाण्याने उतरतात.

खालच्या चौकोनाला ४ सेमी रुंद, ४५ सेमी लांब पट्ट्या लावा, प्रत्येक बाजूला पाच. लांब शेपट्या वाऱ्यात एकमेकींत गुंततात, म्हणून याहून मोठ्या नकोत. जोडांवरच्या दोऱ्या झाकायला कागदाच्या करंज्या चिकटवा.

दिवा ५ किंवा ७ वॉटचा एलईडीच. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपवतो. कंदिलाचं वजन वायरवर कधी टाकू नका, वेगळ्या सुतळीने टांगा. वायर होल्डरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी आलंच तर झोळावरून ठिबकेल, होल्डरमध्ये जाणार नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली की संध्याकाळी गडगडाट होऊन पाऊस पडायचाच, म्हणून कंदील पागोळीच्या आत हवा. नरकासुर जाळायला मुलं पहाटे बाहेर पडतात तेव्हा दंवाने कागद ओला असतो, त्यावेळी त्याला हात लावू नका, ऊन आलं की आपोआप कडक होतो.

नाताळचा तारा

याला मोठ्या कामट्या लागतात, ९४ सेमीच्या दहा, १ सेमी रुंद. दोन्ही टोकांपासून २ सेमी सोडून खुणा करा, मधलं अंतर ९० उरेल. पाच कामट्यांचा एक सपाट तारा होतो. प्रत्येक कामटी एका टोकापासून सुरू होते आणि मधलं एक टोक सोडून पुढच्या टोकाला जाते. मोजायची युक्ती अशी: प्रत्येक कामटीवर बांधायच्या खुणेपासून ३४.४ सेमीवर दोन्हीकडून खूण करा. दुसऱ्या कामट्या तिला नेमक्या या दोन खुणांवरच छेदायला हव्यात. तसं झालं की पाचही टोकं आपोआप सारखी येतात, कोन मोजायची गरज नाही. छेदावर एक वरून, एक खालून असं विणत जा.

असे दोन तारे करा, एकमेकांवर ठेवा आणि पाच टोकं घट्ट बांधा. मग मधल्या पाच छेदांत दोन ताऱ्यांमध्ये १४ सेमीच्या काड्या उभ्या करा. पहिली काडी घातल्यावर शेजारची घालू नका, एक सोडून घाला, म्हणजे ताण सगळीकडे वाटला जातो. २० सेमीच्या काड्या घालायचा मोह होतो, तारा जाड दिसतो म्हणून. त्याने टोकं फाटतात. कामटीची हिरवी पाठ बाहेर ठेवली तर वाकताना तुटत नाही.

डिसेंबरात इथे पाऊस नसतो, पण दंव भरपूर. पतंगाचा कागद रात्री सैल होतो, सकाळी उन्हात ताणतो, आणि आठवडाभरात कडेने फाटतो. उघड्यावरच्या ताऱ्याला बटर पेपर घाला. तारा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत टिकायला हवा. पुढे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे तेवढेच, आणि दोन ताऱ्यांमधल्या फटीचे दहा त्रिकोण, असे २२ तुकडे लागतात. मापं कागदावर काढत बसण्यापेक्षा सांगाडाच कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा. खालच्या दोन टोकांमधला फटीचा एक त्रिकोण चिकटवू नका, दिवा तिथूनच जाईल.

हिरांची भेट

फराळाच्या डब्याबरोबर द्यायला छोटा कंदील हवा असेल तर बांबू नको, माडाच्या झावळीचे हीर घ्या. बुडाकडचा जाड तिसरा हिस्सा वापरा, शेंडा केरसुणीला ठेवा. ओले हीर सुरीने खरवडून दोन दिवस सावलीत सुकवा. फार सुकले तर वाकताना तुटतात, अर्धा तास पाण्यात टाकले की पुन्हा लवचिक होतात. ९ सेमीचे २४ तुकडे, आतलं अंतर ७. रचना वरच्यासारखीच, उंची १० सेमीच्या आसपास. आत बॅटरीची पणती ठेवा. तेलाची नाही, कंदील भेट मिळालेल्या घरात कोण कुठे ठेवेल सांगता येत नाही.

नाताळच्या दोदोल-नेवऱ्या अशा गोड पदार्थांच्या ताटावर बांधायला सपाट तारा करा. पाच हीर, बांधायच्या खुणांमध्ये २५ सेमी, छेदाची खूण ९.५ सेमीवर. वरून-खालून विणलेला हा तारा मध्ये न बांधताही जागचा हलत नाही, टोकांना मात्र रंगीत दोरा गुंडाळा. एका झावळीत असे दहा-बारा सहज निघतात. आधी एक करून पाहा, तिरका आला तर खूण बाराची नसून साडेनवाची आहे ना, ते तपासा.