कुकर होईपर्यंत फक्त हॉल

संध्याकाळी दार उघडलं की सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, खाली ठोकळे, टीपॉयवर सकाळचा चहाचा कप. अख्खं घर आवरायला घेऊच नका. कुकर लावा आणि तो होईपर्यंत, म्हणजे साधारण १५ मिनिटं, फक्त हॉल. एक रिकामी बादली घ्या, जागेवर नसलेलं सगळं तिच्यात टाका. कपाट उघडायचं नाही, तिथेच वेळ जातो (जुने फोटो सापडले तर संपलंच). मुलांना नुसतं "आवरा रे" म्हणून काही होत नाही. "फक्त मोजे शोध" म्हटलं की पाच वर्षांचं पोरही पळतं. घड्या राहू द्या, उद्याचे गणवेश तेवढे वेगळे काढा. बादली रविवारी रिकामी करायची. आमची कधीकधी पुढच्या रविवारपर्यंत तशीच असते.